डावी कळी

तुरुंगातून सुटून आलेल्या बुधाजीला गावाने देवळाच्या पायरीवरच काठ्यांनी फोडून काढलं. "मारा, माझी लायकीच ती," तो म्हणत होता.

"थांबा, देवीला कौल लावतो," गुरव म्हणाला. बुधाजीच्या कोयत्याने गुरवाचाच मुलगा गेला होता.

त्याने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर बुधाजी गावात राहणार, डावी पडली तर पुन्हा काठ्या.

उजवी पडली.

"आई, माझं पोर कापलंय यानं!" गुरव किंचाळला. या वेळी त्याने फक्त डावीच कळी लावली. ती पडेचना. त्याने दगडावर कपाळ फोडून घेतलं, तरी कळी ढळली नाही.

शेवटी देवीला पुसायचं फडकं भिजवून तो बुधाजीसमोर बसला.

"डोकं पुढे कर. हे रक्त मी नाही पुसत, ती पुसतेय."