उर्पी रडत का नाही

बेनिताने आपल्या लेकीला, उर्पीला तोंड उघडायला लावलं आणि हुंगून पाहिलं. बडीशेपेचा वास नव्हता, दारूचा नव्हता, कसल्याच औषधाचा नव्हता. तरी तिचं समाधान होईना. परवापर्यंत बालवाडीच्या फाटकाशी लोळण घेणारी साडेतीन वर्षांची पोर एकाएकी शहाणी झाली, यात काहीतरी काळंबेरं असणारच.

कोचाबांबा शहराच्या बाजारात बेनिता बटाटे विकायची. शेजारच्या कांदेवाल्या कास्ताला बातम्या कोण पुरवतं देव जाणे, पण बालवाडीतल्या बाया पोरांना गुंगीचे थेंब पाजतात, असं तिने छातीठोक सांगितलं. वर म्हणाली, "पोर खुळी होईल गं, नि तू बस बटाटे तोलत." हे खरं असेल तर बालवाडीतून पोरीचं नावच काढून टाकायचं, असं बेनिताने ठरवलं.

ती तडक बालवाडीच्या ग्लाडिसबाईंकडे गेली. थेंबबिंब काही नाही, बाईंनी शपथ घेतली. उर्पी आल्या आल्या पाण्याच्या टाकीमागे जाते, थोड्या वेळाने डोळे पुसत येते आणि ठोकळे खेळायला बसते, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"आणि तिथे काय करते?"

"विचारलं नाही मी. कुणी मागे गेलेलं तिला चालत नाही."

बेनिताला हे मुळीच पटलं नाही. तिथे कुणीतरी पोरीला काहीतरी देतंय, याची तिला आता खात्रीच झाली. दुसऱ्या दिवशी उर्पीला सोडून निघून गेल्याचं दाखवत ती मागच्या बाजूने आली आणि टाकीमागच्या भिंतीच्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

उर्पी आली. एकटीच. ओठ थरथरत होते. तिने डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि बाजाराच्या दिशेने हलवायला लागली. बेनिता चरकली. लेकरू घाबरलं की त्याचा जीव मागेच कुठेतरी राहून जातो. मग आई त्याची टोपी हलवून, त्याचं नाव घेऊन त्या जिवाला परत बोलावते. उर्पी जिन्यावरून पडली तेव्हा बेनितानेही बोलावलं होतं. पण हे काम आईचं. पोरीने स्वतःच केलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

"ये गं उर्पी," पोर हळू आवाजात स्वतःलाच बोलावत होती. "आईच्या पाठीवरच्या झोळीत बसून राहू नकोस. ये. संध्याकाळी परत जाऊ आपण तिच्याकडे."