खलाशाची चिठ्ठी

“मला नको हा खलाशी. बाई, बदलून द्या ना!” गेंता चिठ्ठी नाचवत म्हणाला.

“निघाली ती निघाली,” ओरितोबाई म्हणाल्या.

सहावीच्या वर्गात मुलं सातच. दर फेब्रुवारीत बाई त्यांना ‘हामागिकु-मारू’ बोट बुडाल्याचा धडा असाच शिकवत. एकेकानं एका प्रवाशाची चिठ्ठी उचलायची आणि तो माणूस होऊन बोलायचं. बावन्न वर्षांपूर्वी त्या बोटीवर बाई स्वतः होत्या, आठ वर्षांच्या. वाचलेल्यांत आता त्या एकट्याच उरल्या होत्या.

खलाशी कुणालाच नको असे. बोट वर काढली तेव्हा तळखोलीच्या लोखंडी दाराची कडी पडलेली होती आणि आत एकतीस माणसं होती. दार नुसतं ओढलं तरी कडी आपोआप पडे, आणि निघे ती फक्त बाहेरून. खलाशानं दार लावून स्वतःचा जीव वाचवायला पाहिलं, असं सगळं बेट म्हणे. तो स्वतःही बुडाला होता. मेलेल्या माणसावर खापर फोडायला बरं असतं, तो उलटून बोलत नाही.

“मला दे ती,” चिनात्सु म्हणाली.

खलाशी काजिकी म्हणजे तिचे आजोबा. धक्क्यावरच्या स्मारकाच्या दगडावर बुडालेल्या सगळ्यांची नावं कोरलेली होती, त्यांचं तेवढं नव्हतं. आता तिथं नवा दगड बसणार होता. नावांची यादी बाईंच्या टेबलावरच पडली होती. त्यांचा शिक्का उठला की ती आज संध्याकाळी पाथरवटाकडे जायची. यादीत काजिकी याही वेळी नव्हते.

“बाई, दार लावू का? बर्फ झालाय माझा,” रिकुतोनं विचारलं.

“राहू दे उघडं.”

बाईंच्या वर्गाचं दार भर थंडीतही उघडंच असायचं. त्यांच्या घरी चोरसुद्धा लाजत असेल, असं मुलं कुजबुजत. बाकी शिस्त मात्र कडक. चपला जोडीनं लावायच्या, उठल्यावर खुर्ची आत सारायची. बाईंच्या आईनं त्यांना वळणच तसं लावलं होतं.

रिकुतो व्यापारी झाला. “मी वरच्या मजल्यावर होतो. वाटलं, बोट रोजच्यासारखीच डुलतेय. मी आधी माझ्या संत्र्यांच्या पेट्या बांधल्या.”

गेंताला आता चिनात्सुची चिठ्ठी मिळाली होती, तळखोलीतल्या म्हातारीची. “आम्ही दाराला धडका मारल्या. वाटलं, वरचे लोक आम्हाला विसरले.” तो हसत उठला होता, बसताना हसत नव्हता.

आठ वर्षांच्या मुलीची चिठ्ठी बाई कुणालाच देत नसत. ती त्या स्वतः म्हणत, हजेरी घ्यावी तशा आवाजात. “आई म्हणाली, तू हो पुढं, मी आजीला घेऊन आलेच. तळखोलीतून मी सगळ्यात शेवटी वर आले.”

हे म्हणताना बाईंना काही वाटेनासं होऊन बरीच वर्षं झाली होती.

मग चिनात्सु उभी राहिली. “मी होडी सोडवत होतो. दोर ओला होता, गाठ सुटेना. दाराकडे मी गेलोच नाही.” तिचे कान लाल झाले. “पण हे सांगायला मी उरलो नाही.”

“हे तुला कुणी सांगितलं?” गेंता म्हणाला.

“आजीनं.”

“आजी म्हणणारच! मग दार काय भुतानं लावलं?”

चिनात्सु खाली बसली. तिनं चिठ्ठीची बारीक घडी घातली, मग आणखी बारीक. बाई थोडा वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिल्या.

त्यांनी यादी पुढं ओढली. सगळ्यात खाली ‘काजिकी तामोत्सु’ असं लिहिलं, शिक्का लाल शाईत बुडवला आणि उठवला.

“पण बाई,” रिकुतो म्हणाला, “मग दार लावलं कुणी?”

बाई उघड्या दाराकडे बघत होत्या. आवाज हजेरीचाच होता.

“आई नेहमी सांगायची, शहाणी मुलगी बाहेर पडताना आपल्यामागे दार लावून घेते.”