मोतीलालचं दाभण

रनाळ्याच्या उमाकांतनं ज्वारी चिकात, दाणा कोवळा असतानाच कापली, कुट्टी केली आणि पिशव्यांत दाबदाबून मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, घातला. शेजारचा मोतीलाल मात्र दाण्याच्या आशेनं थांबला, अन् त्याची ज्वारी पाण्यावाचून उभ्या उभ्या करपली. वर बायको अनुसयाबाईचा टोमणा, "उमाकांतनी गाय उन्हायामा बी मुरघास खाई. आपली म्हैस काय तुमन्या गप्पा खाई का?"

झालं! मोतीलालच्या अंगाचा नुसता जळफळाट. पिशवीत हवा शिरली की मुरघास नासतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. उमाकांत बाजारला गेलेला बघून हा गडी दाभण घेऊन त्याच्या गोठ्यात शिरला. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून पार मागच्या, भिंतीकडच्या तीन पिशव्या धरल्या अन् जीव थंड होईस्तोवर भोसकल्या.

संध्याकाळी उमाकांत मोतीलालच्या ओट्यावर येऊन टेकला, चहा फुर्रकन ओढला अन् म्हणाला,

"मोतीलालभाऊ, पेरणीले बैल तुन्हा व्हतात. तुन्हा वाटाना तीन पिशव्या पार मांगे, भितडाले लायी ठेयेल शेतस. उंदीर लागाले नको म्हनीसन!"