पहिलं दार

काळ्या पडद्यावर संगणक सकाळपासून तेच सांगत होता : सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. मुलांच्या वाचनालयातला तो एकुलता एक संगणक. दुरुस्तीला तालुक्याला नेला, की महिनाभर माझा संगणकाचा वर्ग बंद. तरी मी तो स्कूटरला बांधायला दोरी काढली.

"आजोबा, बटण दाबल्यावर तो आधी काय करतो?" वर्गातल्या मृण्मयीने विचारले.

शिकवायची संधी मी सोडतो होय! दोरी खाली ठेवली. "त्याच्या आत एक छोटासा, कायमचा प्रोग्रॅम असतो. वीज आली की तो ठरलेल्या क्रमाने एकेक दार ठोठावतो. विंडोज जिथे सापडेल, तिथून उचलून आणतो."

"आणि पहिल्याच दारात कुणी भलताच बसला असेल तर?"

"तर अडतो बिचारा तिथेच."

तिने वाकून, सकाळी मीच खोचलेला पेन ड्राइव्ह उपसला आणि बटण दाबले. संगणक गुमान सुरू झाला.

पेन ड्राइव्हमध्ये माझा चाळीस पानी धडा होता : 'संगणक सुरू कसा होतो?'

"आता लावू परत?"

"नको गं बाई," मी म्हणालो, "आत्ता कुठे सुरू झालाय."