शरीराचा धडा

जर्मनीतल्या लेकीच्या मुलाला, योनासला, येई फक्त जर्मन आणि रायपूरच्या कौमुदीआजीला मराठी-हिंदी. म्हणून आजीनं टॅबवर विज्ञानातून जर्मन शिकवणारा कोर्स लावला. पहिलाच धडा शरीराचा.

"नातवाशी बोलाचं सोडून डॉक्टरीण काहून होऊन राहिली?" आजोबा हसले.

एकदा योनास रडतच व्हिडिओ कॉलवर आला. आजीनं चाचरत जर्मनमध्ये विचारलं, "गुडघा दुखतो?" रडं थांबलं. त्यानं गुडघा पुढे केला, आजीनं स्क्रीनवरच फुंकर घातली. तेव्हापासून पोट्ट्याचं रोज काहीतरी दुखू लागलं. कधी कोपर, कधी कान.

शेवटी आजी लेकीला म्हणाली, "त्याले सांग, माझं शरीर शिकून झालं. आता झाडं सुरू झाली."

दुसऱ्या दिवशी योनास कुंडी कवटाळूनच कॉलवर आला.

"आजी, हिचं पान दुखतं."