हिरव्या फुलांची लुंगी

यादवी पेटली आणि चिंदविन नदीकाठच्या त्या गावातले पुरुष रानात गेले. मग बायकांनीच रस्त्यावर आडवी दोरी बांधून आपल्या नेसत्या लुंग्या टांगल्या. बाईच्या लुंगीखालून गेलं की पुरुषाचं तेज जातं, आणि फौजेतले लोक त्याला फार भितात.

त्यातली हिरव्या फुलांची लुंगी रोज सकाळी ओली असे. ती सांदार नावाच्या पोरीची. बंडखोरांना औषधं पोचवताना सांदार मारली गेली, आणि तिच्या आईनं, म्या थीनं, लेकीला त्याच लुंगीत पुरलं होतं. म्या थी ती काढून कबरीवर ठेवून येई. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा दोरीवर.

आज फौज आली. मेजर दोरीपाशी थबकला. पलीकडे म्या थी उभी होती.

"ए म्हातारे, काढ ही घाण!"

"तुम्हीच काढा की साहेब. एवढ्या बंदुका घेऊन फडक्यांना काय भिता?"

"आधी त्या पोरीला बाजूला कर."

"कुठली पोर?"

"ती, हिरव्या लुंगीतली."

म्या थीनं वर पाहिलं. हिरवी लुंगी दोरीवर नव्हती. रस्ता रिकामा होता.

"कुठं आहे हो ती, साहेब? मला नाही दिसत."

मेजर एक पाऊल मागे सरला.

"तुझाच हात धरून उभी आहे की."