अम्माचं ऑर्किड

गिमली गावाजवळचं तळं गोठलं, तरी अम्माची खोली भट्टीसारखी तापलेली असायची. त्यामुळे खिडकीतलं तिचं ऑर्किड वर्षानुवर्षं नुसतं पानांवर होतं.

वनस्पतिशास्त्र शिकलेली नात थोरा दर वेळी सांगायची, "अम्मा, रात्री हीटर कमी करत जा. आठवडेच्या आठवडे गारवा मिळाल्याशिवाय हे फुलायचं नाही."

"म्हणजे त्याला फूल यावं म्हणून मी गारठून मरू का गं?" अम्मा हसायची.

पानगळीत अम्मा पडली ती अंथरुणालाच खिळली. बाल्डरकाका तिला सांभाळायला घरी येऊन राहिला. फेब्रुवारीत ती न्यूमोनियाने गेली.

दफनानंतर सगळे घरी कॉफीला जमले. काकाने डोळे पुसले. "तिला थंडी सोसायची नाही. एक रात्रसुद्धा हीटर कमी केला नाही मी."

"मुलगा असावा तर असा," शेजारीण म्हणाली.

"थोरा, ते ऑर्किड तू घेऊन जा," काका म्हणाला. "मला त्यातलं काही कळत नाही."

थोरा अम्माच्या खोलीत गेली.



ऑर्किड भरभरून फुललं होतं.